गोड मानून घेतलेले गाणे

१

आम्हा नाशिकच्या काही श्रोत्यांची एक बैठक आहे. तिला नाव नाही, घटना नाही, वर्गणी तर नाहीच. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉलेज रोडवर एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण जमतात. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीचे एक गायन किंवा वादन आणायचे, सर्वांना ऐकवायचे आणि मग ते का आवडते हे दहा मिनिटांत सांगायचे. नियम एकच: ‘आवडते म्हणून आवडते’ असे म्हणायचे नाही. हा नियम दिसतो तितका सोपा नाही. गेल्या काही वर्षांत भल्याभल्या जाणकारांची या दहा मिनिटांत त्रेधा उडालेली मी पाहिली आहे. गेल्या आषाढात ती माझी उडाली.

मी त्या दिवशी बापूरावांचा, म्हणजे पं. दत्तात्रय विष्णु पलुस्करांचा ‘श्री’ नेला होता. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचा, तीन मिनिटांच्या आसपासचा. गाणे संपले. मी बोलायला लागण्यापूर्वीच एक ज्येष्ठ सदस्य प्रसन्नपणे म्हणाले, “गोड. बापूरावांचं सगळंच गोड!” मंडळींनी माना हलवल्या. मग आमच्यातला सर्वांत तरुण सदस्य, अंबडच्या एका कारखान्यात अभियंता असलेला आणि संध्याकाळी तबला शिकणारा मुलगा, जरा संकोचून म्हणाला, “काका, तुमचा तो स्मरणिकेतला जुना लेख मी वाचलाय. त्यात तुम्ही याच तबकडीतल्या संथ आलापीबद्दल लिहिलंय, ऋषभावर थांबून राहण्याबद्दल. ती यात कुठे आहे? दुसरी तबकडी आहे का?”

दुसरी तबकडी नव्हती. लेख माझा होता. १९८१ साली, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या निधनाला ५० वर्षे झाली तेव्हा, एका स्मरणिकेसाठी मी तो लिहिला होता आणि त्यात त्या आलापीवर एक अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. ती आलापी तबकडीत नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत, बंदिशीसह, तशी आलापी असणे शक्यही नाही. हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. नव्वदीच्या दशकात हेच गाणे कॅसेटवर ऐकले तेव्हा ते मला तोकडे वाटले होते. मी स्वतःची समजूत घातली, की कॅसेटवाल्यांनी काटछाट केली असावी.

प्रस्तुत लेख या दोन शेऱ्यांतून निघाला आहे. बापूरावांच्या गाण्याला आपण ‘गोड’ म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हा पहिला प्रश्न. आणि जी आलापी तबकडीत नाही ती मी ऐकली कुठे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत अशी माझी सुरुवातीला समजूत होती.

२

आधी ठाऊक असलेल्या गोष्टी नीट मांडून घेऊ. विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडचा. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने डोळे अधू झाले आणि पुढे ते मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली. विष्णु दिगंबरांनी ती गावोगाव नेली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय, १९०८ मध्ये मुंबईला दुसरे, स्वतःची स्वरलेखनपद्धती, छापील क्रमिक पुस्तके, तिकीट लावून जलसे: गाणे दरबारातून आणि कोठ्यांवरून उचलून मध्यमवर्गीय घरात आणण्याचा हा खटाटोप होता. ‘तानसेन नाही, निदान कानसेन तरी घडवीन’ अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे संगीतक्षेत्रात अजून सांगितले जाते. कर्जापायी मुंबईच्या विद्यालयाची इमारत गेली आणि आयुष्याच्या अखेरच्या दशकात ते आमच्या नाशकात, पंचवटीत, रामनाम आधाराश्रम स्थापून राहिले. तुलसी रामायणावर प्रवचने आणि रामनामाचा गजर हेच तेव्हा त्यांचे गाणे झाले होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते मिरजेस वारले.

दत्तात्रय, म्हणजे बापूराव, त्यांचे जगलेले एकुलते अपत्य. जन्म नाशिकचा, २८ मे १९२१. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याची पुढची तालीम वडिलांच्या शिष्यांकडे, मुख्यतः पं. विनायकराव पटवर्धनांकडे पुण्याला झाली, पं. नारायणराव व्यासांचेही मार्गदर्शन लाभले. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यात ते गायले. १९४४ मध्ये पहिली तबकडी निघाली. १९५२ मध्ये ‘बैजू बावरा’ चित्रपटात, नौशादांच्या संगीत दिग्दर्शनाखाली, उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची ‘देसी’ रागातली जुगलबंदी आली. १९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून ते चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, मेंदूज्वराने, ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लाँग प्ले तबकड्या आपल्याकडे रुळण्याआधीच ते गेले. त्यामुळे आकाशवाणीच्या संग्रहातून मागाहून बाहेर आलेली काही मोठी गायने सोडली, तर सर्वसामान्य श्रोत्याच्या कानी आलेले बापूराव म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतले बापूराव आहेत: श्री, गौड सारंग, तिलक कामोद, बहार, आणि तुलसी-मीरेची भजने. त्यांच्याविषयीचे आपले मत या तुकड्यांवर बेतलेले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

३

आता ‘गोड’ या शब्दाकडे येतो. मराठी संगीतचर्चेत हा शब्द फार लबाड आहे. मुलगी पहिल्यांदा रांगोळीपुढे बसून गाते तेव्हा ती गोड गाते. ज्याच्या गाण्यात दम नाही पण ज्याला दुखवायचे नाही, तोही गोड गातो. आणि जेवणात काही उणे राहिले की यजमान म्हणतो, गोड मानून घ्या. म्हणजे मुळात गोड नाही, पण तुम्ही तसे माना. बापूरावांना ‘गोड’ म्हणताना आपण बहुधा या तिसऱ्या अर्थाच्या जवळ असतो. बिचारे लवकर गेले, त्यांची गायकी पिकायची होती, जे आहे ते गोड मानून घेऊ. स्तुतीच्या रूपातली ही एक सवलत आहे, आणि कलावंताला सवलत देणे म्हणजे त्याला न ऐकणे.

या सवलतीच्या पोटात तीन आक्षेप दडलेले आहेत. एक: त्यांचा आवाज मुळात इतका स्वच्छ आणि हलका की त्यात कष्ट दिसत नाहीत, कष्ट नाहीत म्हणून खोली नाही. दोन: ते भजनी वळणाचे गायक, ख्याल गातानाही भजनातली नीटसता सोडत नाहीत. तीन: तीन मिनिटांत राग उभा राहत नाही, नुसता ओळख देऊन जातो.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो मोजता येतो. मध्य लयीत मिनिटाला १६० मात्रा धरल्या, तर त्रितालाचे एक आवर्तन सहा सेकंदांचे होते. तीन मिनिटांत तीस आवर्तने. स्थायी आणि अंतरा नीट मांडून पुन्हा मुखड्यावर यायला त्यातली दहा-बारा लागली, तर उरतात अठरा-वीस. अमीर खाँसाहेबांचे अतिविलंबित झूमऱ्यातले एक आवर्तन सुमारे एका मिनिटाचे असू शकते. त्या मापाने तीन मिनिटे म्हणजे तीन आवर्तने, नुसती बैठक मारण्याइतकीच. पण ग्वाल्हेर गायकीचे माप ते नव्हे. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या पुस्तकात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या संदर्भात केली. ती मांडणी हाताशी धरली, तर ग्वाल्हेरवाले दोन्हींचा समतोल बंदिशीतच शोधतात असे माझे निरीक्षण आहे. त्यांच्याकडे बंदिश म्हणजे रागात शिरायचे दार नव्हे. बंदिश हेच घर. स्थायी-अंतरा शब्दांसह, वजनासह, जसाच्या तसा उभा केला की राग उभा राहिला. पुढची आलापी, बोलतान, आकारी तान म्हणजे त्याच घरातला वावर.

हे मान्य केले की अठरा-वीस आवर्तने तोकडी वाटत नाहीत. बापूरावांच्या छोट्या तबकड्यांतला मजकूर मी या कामासाठी आवर्तन मोजत पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात मला एक शिस्त आढळली. ते मोठ्या गाण्याचे आटीव रूप गात नाहीत. विलंबितातली अंगे घाईने उरकून टाकण्याचा मोह अनेक मोठ्या गवयांना या तबकड्यांत आवरलेला नाही. तीन मिनिटांत ते अर्ध्या तासाचे गाणे कोंबू पाहतात आणि दमछाक ऐकू येते. बापूराव तो हट्टच धरत नाहीत. जेवढी जागा आहे तेवढ्या मापाचे गाणे ते बेततात. मुखडा पकडताना घाई नाही, तान समेवर येताना शेवटची मात्रा ढकललेली नाही. पुस्तकातल्या पानाला समास असावा तशी मोकळी जागा ते त्या तीन मिनिटांतही राखतात.

‘श्री’ या रागावर हे विशेष स्पष्ट होते. पूर्वी थाटाचा हा सायंकालीन राग: ऋषभ-धैवत कोमल, मध्यम तीव्र, आरोहात गंधार आणि धैवत वर्ज्य. वादी ऋषभ, संवादी पंचम. रागाचा सगळा जीव ऋषभ आणि पंचम यांमधल्या झेपेत आहे. पंचमावरून मींडेने ऋषभावर यायचे, आणि तो ऋषभ सहज लागला असे वाटता कामा नये. आरोहातले दोन स्वर गाळल्यामुळे सरळ तान घेणे अवघड. जो घेतो त्याच्या तानेचे दाणे वेगळे राहिले नाहीत तर पूरिया धनाश्रीचा किंवा पूर्वीचा वास लागतो. अशा रागात बापूरावांची आकारी तान मला कुठेही संदिग्ध वाटली नाही. ऐकणाऱ्याला कष्ट जाणवत नाहीत, हे खरे. पण श्रीमध्ये कष्ट न जाणवणे याची किंमत रियाज करणाऱ्याला विचारावी. पहिल्या आक्षेपाचे उत्तर मला इथे मिळते. दिसणारे कष्ट हे खोलीचे एक लक्षण असू शकते, पण तेवढे एकच लक्षण नव्हे.

गौड सारंगाचेही तसेच. दोन्ही मध्यमांचा, वक्र चालीचा, भर दुपारचा राग. ‘ग रे म ग, प रे सा’ एवढ्या स्वरसंगतीत त्याची ओळख पटते, आणि तेवढ्यावरच तो अडकून पडण्याची भीतीही असते. एकाच नागमोडी गल्लीतून वारंवार जावे लागते, आणि प्रत्येक खेपेला ती नवी वाटली पाहिजे. बापूराव तिथे वजन बदलत जातात: कधी शब्दावर, कधी स्वरावर, कधी नुसत्या थांब्यावर. बंदिशीतली विरहिणीची तक्रार ते रडवी करत नाहीत. हा संयम भजनी म्हणायचा असेल तर म्हणावा. मला तो दुपारच्या उन्हाचा वाटतो.

४

दुसरा आक्षेप, भजनी वळणाचा, अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. विष्णु दिगंबरांनी गाणे घराघरांत नेले ते काही किंमत देऊन. जुन्या बंदिशींमधला शृंगार त्यांना खटकला. अनेक ठिकाणी त्यांनी भक्तीचे शब्द घातले. त्यामुळे घरच्या मुलींना गाणे शिकता आले, ही केवढी तरी मोठी गोष्ट. पण त्याच वेळी ज्या बायकांनी ती ठुमरी, तो ख्याल पिढ्यान् पिढ्या सांभाळला, त्यांच्या हक्काची जागा या नव्या सभ्यतेत आकसली. नाशिकचा माणूस म्हणून मला आणखी एक गोष्ट बोचते. पंचवटीत हा आश्रम होता त्याच काळात, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे लढवला आणि तरीही ते दार उघडले नाही. राम सर्वांचा आहे हे गाण्यात म्हणणे आणि देवळाच्या दारात म्हणणे यांत किती अंतर होते, हे या गावाने पाहिले आहे. पंचवटीतल्या भजनाबद्दल लिहिताना हे अंतर झाकून ठेवले, तर आपले लिहिणेही गोड मानून घ्यावे लागेल.

एवढे मान्य करूनही, बापूरावांच्या ख्यालातले भजन हा दोष आहे असे मला वाटत नाही. मुलाच्या कानांवर ख्यालाआधी तुलसीदासांची पदे पडली, ती अशा गृहस्थाकडून की ज्याचे अवघे गाणेच तोवर रामनामात विरघळले होते. त्या घरात शब्दाला महत्त्व होते. ख्यालगायनात शब्द पुष्कळदा खुंटीसारखा वापरला जातो. स्वराचे उपरणे अडकवायचे आणि विसरायचे. बापूरावांकडे शब्द शेवटपर्यंत शाबूत राहतो. बालरामाच्या दुडक्या चालीचे तुलसीदासांचे पद ते गातात तेव्हा लय पदातल्या पावलाची असते, तबलजीची नव्हे. आणि हाच कान श्रीमधल्या बंदिशीला लागला की त्या बंदिशीतल्या हरिचरणांना नुसते निमित्त म्हणून वागवले जात नाही. ख्याल भजनासारखा झाला असे त्यात होत नाही. भजनाने ख्यालाला शब्द जपायला शिकवले, इतकेच.

‘बैजू बावरा’तली जुगलबंदी या दृष्टीने पुन्हा ऐकावी. पडद्यावरच्या कथेला बैजूने तानसेनाला जिंकायला हवे होते. पण कान कथेचे ऐकत नाही. अमीर खाँसाहेबांचा खर्जाकडे झुकणारा, गहिरा आवाज आणि बापूरावांचा उजळ, टोकदार आवाज शेजारी आले की ‘जिंकले कोण’ हा प्रश्नच मावळतो. नऊ वर्षांनी मोठ्या आणि अगदी वेगळ्या प्रकृतीच्या गवयाशेजारी बसून बापूराव स्वतःचे माप बदलत नाहीत. त्यांनी खाँसाहेबांची गहिराई उसनी आणण्याचा यत्न केला असता, तर ती जुगलबंदी तिथेच फसली असती.

मग उणे काहीच नाही का? आहे. त्यांच्या मोठ्या ध्वनिमुद्रणांत आलापी पुष्कळदा नीट बांधलेल्या रस्त्याने जाते. कुठे ती रस्ता सोडून भटकेल, चुकेल आणि चुकल्यावर काही सापडवेल, असे फार वेळा घडत नाही. धोका पत्करण्याची ओढ त्यांच्यात मला कमी दिसते. वडिलांचे नाव, गुरूंची शिस्त आणि जपायची परंपरा, या तिहेरी जबाबदारीखाली वाढलेल्या मुलाने वाट न सोडणे समजण्याजोगे आहे. पण समजणे म्हणजे उणीव नाहीशी होणे नव्हे.

येथे वयाचा हिशेब मात्र मांडलाच पाहिजे, सवलत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. पं. भीमसेन जोशी बापूरावांपेक्षा अवघ्या काही महिन्यांनी लहान, जन्म ४ फेब्रुवारी १९२२. पं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा. भीमसेनांना २०११ पर्यंत आयुष्य मिळाले. ते ३४ व्या वर्षी थांबले असते, तर त्यांची संतवाणी, त्यांचे उत्तरायुष्यातले सारे वैभव आपल्याला माहीतच नसते. कुमारजी ३४ वर्षांचे होते तेव्हा ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध व्हायला अजून काही वर्षे होती. म्हणजे बापूरावांची तुलना आपण नकळत या दोघांच्या साठीशी, सत्तरीशी करतो. चौतिशीतल्या गायकाशी चौतिशीतल्याच गायकाची तुलना केली, तर ‘पिकायचे राहिले’ हे वाक्य इतक्या सहज तोंडून निघणार नाही.

५

आता राहिला दुसरा प्रश्न. तो खाजगी आहे. पण ज्या लेखात मी चुकलो तो जाहीर होता, म्हणून त्याचे उत्तरही जाहीर द्यायला हवे.

आमचे घर पंचवटीत, काळाराम मंदिराच्या पूर्वेला एका वाड्यात होते. वडील कोर्टात कारकून. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन आणि लाकडी पेटीत पंधरा-वीस तबकड्या होत्या. ‘श्री’ची तबकडी फक्त सूर्यास्ताला लागायची; इतर वेळी मागितली तर ते ‘ही वेळ नव्हे’ एवढेच म्हणत. चावी भरायची, नवी सुई बसवायची, वापरलेली सुई काड्यापेटीत टाकायची, ही कामे माझी. बापूराव आपल्या गावचे आणि आपल्या वयाचे, याचा वडिलांना अभिमान होता. ते बापूरावांपेक्षा एका वर्षाने लहान. १९५५ च्या दसऱ्यानंतर काही महिने त्यांनी ग्रामोफोनला हात लावला नव्हता, हे मी आईकडून ऐकलेले. माझा जन्म त्यानंतरचा.

१९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला. नाशिककर पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. त्या वर्षी मारुती कधीच बुडाला होता आणि पाणी आमच्या वाड्याच्या चौकात शिरले. ओसरल्यावर पेटी सापडली ती गाळाने भरलेली. तीन तबकड्या धड निघाल्या. त्यांत श्री नव्हती. ग्रामोफोनही पुन्हा बोलला नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर १९८१ चा लेख लिहीपर्यंत मी ते गाणे ऐकलेले नव्हते. लिहिले ते स्मरणातून, आणि छातीठोकपणे.

आषाढातल्या त्या बैठकीनंतर मी जळगावला ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिची आठवण माझ्यापेक्षा भरवशाची. तबकडीत सुरुवातीला की शेवटी, लांब आलापी होती का, असे विचारले. ती हसली. म्हणाली, “अरे, ते बाबा म्हणायचे. तबकडी संपली की सुई खरखरत राहायची, तू उचलायचास नाही, आणि बाबा डोळे मिटून तिथूनच पुढे म्हणत बसायचे. हळू. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तुला आठवत नाही?”

मला आठवत होते. फक्त ते कुणाचे, हे आठवत नव्हते.

वडील चारचौघांत कधी गायले नाहीत. मंडळाची प्रवेशिका परीक्षा त्यांनी तरुणपणी दिली होती, पुढे संसारात ते राहून गेले. १९८८ मध्ये ते गेले तोवर मी त्यांच्या तोंडून सुपारी कातरतानाची गुणगुण सोडून काही ऐकले नाही, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. म्हणजे माझ्या लेखातला तो परिच्छेद, ज्यात मी ऋषभावरच्या थांब्याचे इतके बारकाईने वर्णन केले, तो माझ्या वडिलांच्या गाण्यावरचा एकमेव लेख होता आणि तो मी दुसऱ्याच्या नावावर छापला. वडिलांनी तो वाचला होता. ‘बरा उतरलाय’ म्हणाले होते. त्यांनी चूक ओळखली होती की नाही हे आता कळण्याचा मार्ग नाही.

हे शोधून काढल्यावर प्रथम मला बापूरावांविषयीच्या माझ्या प्रेमाचीच शंका आली. मला तबकडी आवडत होती की संध्याकाळ? नियमाप्रमाणे पाहिले तर माझे प्रेम बाद व्हायला हवे. म्हणून तर वरचा सगळा खटाटोप केला: आवर्तने मोजली, आक्षेप मांडले, उणीव सांगितली. वडील वजा करून काही उरते का ते पाहिले. माझ्या मते उरते, आणि भक्कम उरते.

पण वजाबाकी करताना एक गोष्ट हाती लागली, ती सांगून थांबतो. अर्ध्या तासाचा पूर्ण विस्तारलेला राग ऐकून श्रोता तृप्त होऊन उठतो. बापूरावांचे गाणे तीन मिनिटांत पूर्ण होते, पण राग संपवत नाही. चौकट स्पष्ट, आत जागा मोकळी. एका कारकुनाला, ज्याला आपण गवई नाही हे पक्के ठाऊक होते, त्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी पाय ठेवण्याचे धाडस झाले. भारावून टाकणाऱ्या गाण्यापुढे त्याने तोंड उघडले नसते. विष्णु दिगंबरांना जो कानसेन हवा होता तो घडला. आणि त्यांच्या मुलाच्या गाण्याने त्या कानसेनाला, दार लोटून घेऊन का होईना, गायला लावले. ‘गोड’ शब्दाचा हा अर्थ असेल, म्हणजे ऐकणाऱ्याच्या गळ्यात उतरेल असा, तर तो शब्द मी आनंदाने परत घेतो. मानून घ्यायची गरज राहत नाही.

पुढच्या बैठकीत हे सारे मी त्या तरुण मित्राला सांगितले. त्याने विचारले, “मग काका, ती आलापी कशी होती ते म्हणून दाखवाल?” मी नाही म्हणालो. मला म्हणता येत नाही. पंचमावरून ऋषभावर येताना माझा आवाज थरथरतो, आणि तो थरथरणे रागाचे नसते.

तेव्हा एवढेच करता येते. १९८१ ची ती स्मरणिका ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी माझ्या लेखात दुरुस्ती करून घ्यावी. ‘श्री’च्या आलापीविषयीचा परिच्छेद पं. द. वि. पलुस्करांच्या गायनाला लागू नाही. ते वर्णन पंचवटीतल्या एका कारकुनाच्या गाण्याचे आहे.